पियानोच्या कारखान्यातले जर्मन खापरपणजोबा: कागद कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या एका आजींच्या नातवाला शाळेसाठी कुटुंबवृक्ष करायचा आहे. वडिलांकडच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाल्या. सुनेकडून मात्र एवढंच कळलं, की तिचे खापरपणजोबा 1880 च्या सुमारास जर्मनीतून आले. नाव हेन्री, आडनाव आपल्याकडच्या जाधव-पाटलांइतकं सर्रास. न्यूयॉर्कजवळ अस्टोरियाला 'स्टाइनवेच्या कारखान्यात' कामाला होते, मुलं बरीच होती. यापुढे जायचं कसं, आणि हे लोक जगत कसे होते?

आजी, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कागदांत आहे. पण पहिल्याच पावलाला बहुतेक जण चुकतात. ते थेट जर्मनीतल्या नोंदी धुंडाळायला लागतात. जर्मनीत जुन्या जन्म-लग्नांची एकत्र अशी वही नाही. सगळं गावागावाच्या चर्चकडे. गावाचं नाव नसेल तर जर्मनीत पाऊल टाकण्यात अर्थ नाही. एकट्या 1882 साली अडीच लाखांच्या आसपास जर्मन अमेरिकेत उतरले. त्यांतले हाइनरिश (म्हणजे इंग्रजीतले हेन्री) किती, याचा विचारही करू नका. गावाचं नाव अमेरिकेतल्या कागदांतच शोधायचं. आणि ते बहुधा हेन्रींच्या स्वतःच्या कागदावर नसतं. ते मेहुण्याच्या मृत्युलेखात, बायकोच्या चर्चमधल्या नोंदीत किंवा साक्षीदाराच्या दाखल्यात सापडतं. कारण हा माणूस एकटा आलेला नसतो. आधी गावातला एक जण येतो, मग पत्र जातं, मग इथून भरलेलं तिकीट जातं, मग भाऊ, मग बायकोचा भाऊ. गिरणगावात एकेका खोलीत कोकणातल्या एकाच गावचे लोक असायचे, तसंच. म्हणून एका नावाच्या मागे न लागता घोळका पकडा: शेजारी, पोटभाडेकरू, लग्नाचे साक्षीदार, मुलांचे धर्ममातापिता.

आता 'स्टाइनवे'. हे घरात सांगितलं जातं म्हणून खरं धरू नका; तपासा. न्यूयॉर्कमध्ये पियानोचे कारखाने पुष्कळ होते, नावं बहुतेक जर्मन, कामगारही बहुतेक जर्मन. खुद्द अस्टोरियात 1886 पासून सोमर कंपनीचा मोठा कारखाना होता. पुढच्या पिढ्यांना एकच नाव आठवतं, आणि ते सर्वांत प्रसिद्ध असतं. तरीही अस्टोरियाचा उत्तर भाग आणि 1880 नंतरचा काळ, यावरून स्टाइनवेची शक्यता चांगली आहे. कारण तिथे नुसता कारखाना नव्हता, गावच वसवलेलं होतं.

हाइनरिश स्टाइनवेग हे हार्ट्‌झ डोंगरांजवळच्या झेझन गावचे पियानो करणारे. 1850 मध्ये ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले आणि 1853 मध्ये मुलांबरोबर स्टाइनवे कंपनी काढली. 1860 चा मोठा कारखाना मॅनहॅटनमध्ये फोर्थ अव्हेन्यूवर, 52 आणि 53 व्या रस्त्यांच्या मध्ये होता. 1870 नंतर त्यांचा मुलगा विल्यम याने ईस्ट नदीपलीकडे क्वीन्समध्ये सुमारे 400 एकर जमीन घेतली. तिथे सॉ-मिल, लोखंडाची ओतशाळा, कामगारांसाठी विटांच्या घरांच्या रांगा, चर्च, स्नानगृह, बालवाडी, आणि जर्मन व संगीत शिकवणारी शाळा उभी राहिली. हे कामगारांच्या प्रेमापोटी झालं असं काही ठिकाणी वाचाल. विल्यमने 1883 मध्ये सिनेटच्या समितीपुढे कारण स्पष्ट सांगितलं होतं: शहरातल्या समाजवादी आणि अराजकवादी चळवळ्यांपासून कामगार दूर ठेवायचे होते. 1872 मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी न्यूयॉर्कमध्ये मोठा संप झाला होता, त्यात पियानो कामगारही होते. घर चांगलं मिळालं, शाळा चांगली मिळाली. पण घर, नोकरी आणि शाळा एकाच हातात होती, हेही तितकंच खरं. हेन्रींचं आयुष्य समजून घेताना दोन्ही बाजू धरा.

कारखान्यात 'पियानो करणारा' असा एक माणूस नसतो. सॉ-मिलमधला वेगळा, ओतारी वेगळा, पेटी बांधणारा सुतार वेगळा. नादफळी बसवणारा, यंत्रणा जोडणारा, रोगण लावणारा, घासून चकाकी आणणारा, सूर लावणारा हे सगळे वेगळे. ग्रँड पियानोची वळणदार कड घ्या. विल्यमचा भाऊ थिओडोर याने 1880 च्या सुमारास तिची पद्धत बसवली. मेपलच्या लांबलचक पातळ पट्ट्यांना सरस लावायचा, त्यांची चवड एकावर एक ठेवायची, आणि सरस ओला व चवड लवचिक आहे तोवर ती कित्येक माणसांनी एकदम उचलून जड साच्याभोवती वळवून शिकंज्यांनी आवळायची. गरम सरस थंड पडायच्या आत हे झालं पाहिजे. एक माणूस मागे राहिला तर थरांमध्ये पोकळी राहते आणि अख्खी कड फुकट जाते. म्हणून ही कामं टोळीने होत, आणि टोळीत भाऊ, मेहुणे, गाववाले असत. धंद्याचं नाव कागदावर नेमकं मिळालं तर तो माणूस दिवसभर काय श्वासात घेत होता हेही कळतं: रोगणवाल्याला वाफा, घासणाऱ्याला लाकडाची धूळ, ओताऱ्याला भट्टीची आच. दिवस साधारण दहा तासांचा, आठवडा सहा दिवसांचा.

पहिला कागद म्हणून 1900 ची जनगणना घ्या. ती 1 जून 1900 या तारखेची धरलेली आहे. प्रत्येक माणसाला एक ओळ, आणि ओळीत इतके रकाने की नीट वाचलं तर अर्धं आयुष्य समोर येतं. बहुतेक लोक नाव आणि वय बघून पान उलटतात. तसं करू नका. जन्माचा महिना आणि वर्ष दिलेलं असतं; वयापेक्षा ते जास्त भरवशाचं. मग लग्नाला किती वर्षं झाली. मग बायकोच्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी: किती मुलांना जन्म दिला आणि त्यांतली किती हयात आहेत. तिथे 7 आणि 4 असं दिसलं तर तीन मुलं गेलेली आहेत, आणि ती कुठल्याही जनगणनेत कदाचित दिसणारच नाहीत. हयात मुलांच्या वयात जिथे चार-पाच वर्षांचं अंतर आहे, तिथे शोध घ्या.

पुढे अमेरिकेत आल्याचं वर्ष, आणि नागरिकत्वाच्या रकान्यात 'एनए', 'पीए' किंवा 'एएल'. म्हणजे नागरिक झालेला, पहिला कागद काढलेला, किंवा अजून परका. मग धंदा आणि वर्षात किती महिने बेकार. शेवटी घराचे रकाने. 'ओ' म्हणजे स्वतःचं, 'आर' म्हणजे भाड्याचं. स्वतःच्या घरापुढे 'एम' असेल तर गहाण चालू आहे. 'एच' म्हणजे शेत नव्हे, घर. 'ओ, एम, एच' अशी तीन अक्षरं मिळाली तर जिल्ह्याच्या खरेदीखतांत आणि गहाणखतांत जा. तिथे बायकोचंही नाव सापडतं.

आल्याचं वर्ष 1900, 1910 आणि 1920 मध्ये वेगवेगळं येईल. घाबरू नका, कोणी खोटं बोललेलं नाही. दारात जो भेटला त्याने आठवेल ते सांगितलं. अलीकडे-पलीकडे तीन वर्षं धरून शोधा. 1910 च्या जनगणनेत धंदा आणि उद्योग असे दोन वेगळे रकाने आहेत: एकात 'रोगणवाला', दुसऱ्यात 'पियानो कारखाना'. स्टाइनवे की सोमर हे मात्र तिथेही नसतं. ते पत्त्यावरून ठरतं, कारण कामगार सहसा चालत जाता येईल अशा अंतरावर राहत.

पत्त्यात एक मोठी अडचण आहे. क्वीन्समधले बरेचसे रस्ते विसाव्या शतकात नावं काढून आकड्यांचे झाले. स्टाइनवेच्या वसाहतीतली विन्थ्रॉप अव्हेन्यू आज 20 वी अव्हेन्यू आहे, आल्बर्ट स्ट्रीट आज 41 वा रस्ता. जुना पत्ता आजच्या नकाशात टाकलात तर तो मिळणार नाही किंवा भलतीकडे नेईल. आगविमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे जुने नकाशे बघा. त्यांत घर विटांचं की लाकडी, किती मजली, हेसुद्धा रंगाने आणि आकड्याने दाखवलेलं असतं.

दुसरी अडचण: 1870 ते 1898 अस्टोरिया हा लाँग आयलंड सिटी नावाच्या स्वतंत्र शहराचा भाग होता. न्यूयॉर्क शहरात तो 1898 पासून आला. म्हणून मॅनहॅटनच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांत 1885 सालचं मूल मिळालं नाही, तर मूल झालंच नाही असं समजू नका. लाँग आयलंड सिटीच्या वह्या वेगळ्या मागवा. न्यूयॉर्कच्या महापालिका अभिलेखागाराने जुने दाखले स्कॅन करून नेटवर फुकट ठेवले आहेत. 1890 ची देशाची जनगणना 1921 च्या आगीमुळे आणि त्यानंतर जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे 1880 ते 1900 अशी वीस वर्षांची खिंड पडते. नेमकी याच काळात हेन्रींची मुलं जन्मली आणि गेली असतील. ही खिंड राज्याच्या 1892 च्या जनगणनेने आणि दरवर्षीच्या शहर-निर्देशिकांनी भरायची. निर्देशिकेत आडनाव, नाव, धंदा, घरचा पत्ता एका ओळीत असतो. एका वर्षी हेन्री गायब होऊन त्याच पत्त्यावर बायकोचं नाव आणि पुढे 'हेन्रीची विधवा' असं आलं, की मृत्यूचं साल हाती लागलं.

मृत्यूचा दाखला जरूर काढा. त्यावर धंदा, मृत्यूचं कारण, देशात किती वर्षं, आईवडिलांची नावं असतात. जन्मस्थळ मात्र बहुधा नुसतं 'जर्मनी'. मुलांच्या लग्नाचे दाखले जास्त कामाचे, कारण त्यांत आईचं माहेरचं आडनाव येतं.

ही आई कागदांवर फार कमी दिसते. 1880 च्या जनगणनेत तिच्यापुढे 'घर सांभाळते', 1900 मध्ये कोरं. पण त्याच घराच्या ओळींच्या शेवटी एक-दोन 'बोर्डर', म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे, असतील तर तिचं काम तिथे आहे. घरचे लोक अधिक हे खाणावळे अशा सगळ्यांचा स्वयंपाक, धुणं, कारखान्यात न्यायचा डबा ती करत होती, आणि खाणावळ्यांच्या पैशातून गहाणाचा हप्ता निघायला मदत होत होती. तो पैसा कुठल्याच रकान्यात नाही. हे बोर्डर कोण, हेही तपासा. जर्मनीत जन्मलेला, पंचविशीतला, त्याच कारखान्यात कामाला असा पोटभाडेकरू बहुतेक वेळा गाववाला किंवा भाचा निघतो. थोरल्या मुलांच्या ओळीही वाचा: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे 'शाळेत' आहे की धंदा लिहिला आहे, यावरून घराची ओढाताण कळते.

नागरिकत्वाचे कागद दोन टप्प्यांचे: आधी इराद्याचं निवेदन (हाच तो 'पहिला कागद'), मग किमान पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज. सप्टेंबर 1906 पूर्वी हे काम कुठल्याही नोंद ठेवणाऱ्या न्यायालयात होई आणि माहिती तुटपुंजी असे. तरी त्यात दोन गोष्टी हमखास मिळतात. एक साक्षीदार, त्याच्या पत्त्यासह. हा घोळक्यातलाच माणूस. दुसरी, कोणत्या राजाशी निष्ठा सोडली ते. 1871 नंतर 'जर्मनीचा सम्राट' असतं, ते निरुपयोगी. पण थोरल्या भावाने आधी कागद काढले असतील तर तिथे 'प्रशियाचा राजा', 'बाडेनचा ग्रँड ड्यूक' किंवा 'वुर्टेमबर्गचा राजा' असेल, आणि शोध एका राज्यापुरता आटोपतो. 1870 च्या जनगणनेतही जन्मस्थळ म्हणून जर्मन राज्याचं नाव लिहायची सूचना होती.

सप्टेंबर 1922 पर्यंत बायकोचं नागरिकत्व नवऱ्यावर अवलंबून होतं, म्हणून त्या काळात तिचा वेगळा कागद सहसा शोधू नका. याची कडू बाजू 1918 मध्ये दिसली. 1907 च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. म्हणजे अस्टोरियात जन्मलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलीने कारखान्यातल्या एखाद्या नागरिक न झालेल्या जर्मनाशी लग्न केलं असेल, तर महायुद्धात तिला 'शत्रू परकी' म्हणून नोंद करायला जावं लागलं: फोटो, बोटांचे ठसे, सगळं. हेन्रींच्या ओळीत 'पीए' किंवा 'एएल' असेल तर त्यांच्यावरही तीच वेळ आली. त्यानंतर घरात जर्मन बोलणं का थांबलं, नावांची स्पेलिंग का बदलली, हे वेगळं सांगायला नको.

नावांवरून आठवलं: न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होत असे त्या एलिस बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं, ही घरोघरची कथा खरी नसते. प्रवाशांची यादी जहाज सुटण्यापूर्वी युरोपात बनत असे, इथला अधिकारी ती फक्त ताडून पाही. शिवाय 1880 मध्ये एलिस बेट सुरूच झालं नव्हतं. ते 1892 चं. 1855 ते 1890 सगळे कॅसल गार्डनला उतरत. नावं बदलली ती पुढे, हळूहळू, कारखान्यात आणि शाळेत: म्युलरचा मिलर, श्वार्ट्‌झचा ब्लॅक, त्सिमरमानचा कार्पेंटर. दुसरा घोटाळा जर्मन पद्धतीचा आहे. एका घरात चार भावांचं पहिलं नाव योहान असू शकतं. हाक मारायचं नाव दुसरं. तुमचे हेन्री मूळ कागदात 'योहान हाइनरिश' असतील, आणि जहाजाच्या यादीत नुसतेच 'योहान'.

जहाजाची यादी सगळ्यांना हवी असते, पण तिचा क्रम शेवटून दुसरा आहे. हॅम्बुर्गहून निघाले असतील तर नशीब: तिथल्या 1850 पासूनच्या याद्या शिल्लक आहेत आणि त्यांत शेवटचं राहण्याचं गाव असतं. थेट जहाजांच्या आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या आहेत, दोन्ही बघा. ब्रेमेनहून निघाले असतील तर तिथल्या याद्या नाहीत. जागा नाही म्हणून अधिकाऱ्यांनी जुन्या नष्ट केल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. मग न्यूयॉर्कला पोचल्याची यादी उरते, आणि 1893 पूर्वीच्या त्या यादीत बहुतेकदा नुसता देश असतो.

गावाचं नाव मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे अमेरिकेतल्या जर्मन चर्चची वही. पाद्री स्वतः जर्मनीतून आलेला. त्याच्या दृष्टीने 'जर्मनी' हे उत्तरच नव्हे. लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदीत तो गाव लिहितो, बरोबर स्पेलिंगसह. दाखल्यावर लग्न लावणाऱ्या पाद्र्याची सही असते. त्या नावावरून चर्च शोधा. चर्च बंद झालं असेल तर वह्या त्याच पंथाच्या दप्तरखान्यात गेलेल्या असतात. चर्चला न जाणाऱ्यांसाठी मंडळं होती: गायन मंडळ, व्यायाम मंडळ, आणि 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या जर्मन समाजवादी कामगारांनी काढलेला आजारपण-मृत्यू निधी. महिन्याला वर्गणी भरायची; आजारात भत्ता, मेल्यावर विधवेला रक्कम. घरात जुनं जर्मन छपाईचं एखादं वर्गणीपुस्तक असेल तर ते टाकू नका म्हणून सुनेला सांगा. कारखान्याचं जुनं दप्तर क्वीन्समधल्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या अभिलेखागारात आहे; विल्यम स्टाइनवेची 1861 ते 1896 ची रोजनिशी स्मिथसोनियनने नेटवर ठेवली आहे. तिच्यात संप, टाळेबंदी, बर्फामुळे अडलेली फेरी-बोट असं सगळं दिवसागणिक मिळतं.

गाव मिळालं की ते मायर्सच्या 1912 च्या गावकोशात घाला. नेटवर नकाशासह आहे. नॉयश्टाट, नॉयकिर्शन नावाची गावं डझनांनी आहेत, आणि लहान गावाचं चर्च शेजारच्या गावात असू शकतं. मग चर्चच्या वह्या नेटवर बघा: प्रोटेस्टंट असतील तर आर्किऑन हे संकेतस्थळ (पैसे भरून), कॅथलिक असतील तर मात्रिकुला (फुकट). सरकारी नोंदणी प्रशियात ऑक्टोबर 1874 पासून, बाकी देशात उशिरात उशिरा 1876 पासून. हेन्रींचा जन्म त्याआधीचा, म्हणून चर्चची वहीच. वुर्टेमबर्ग निघालं तर आनंद माना: तिथे एकेका कुटुंबाचं पान असतं, आईवडील आणि सगळी मुलं एकत्र, आणि गेलेल्याच्या नावापुढे 'अमेरिकेला' असा शेरा.

लिपीची तयारी ठेवा. त्या वह्या कुरेंट नावाच्या हस्ताक्षरात आहेत. आपली मोडी जशी देवनागरी येणाऱ्याला वाचता येत नाही, तसंच हे जर्मन येणाऱ्यालाही. 'ई' आणि 'एन' ही अक्षरं दोन टोकदार रेघांची, जवळजवळ सारखी. 'यू'वर एक छोटी कमान काढतात, ती नसेल तर 'एन'. स्त्रीच्या आडनावाला जुन्या नोंदीत 'इन' जोडलेलं असतं: म्युलरिन म्हणजे म्युलरची मुलगी किंवा बायको, वेगळं आडनाव नव्हे. आधी महिने आणि आडनाव त्या लिपीत स्वतः गिरवा. मग पानावर ते आपोआप डोळ्यात भरतं.

राहिली ती न दिसणारी मुलं. मृत्यूच्या दाखल्यावर दफनभूमीचं नाव असतं. या वस्तीसाठी सेंट मायकेल किंवा मिडल व्हिलेजची लुथरन दफनभूमी असण्याची शक्यता जास्त. दगडावर बहुधा फक्त आईवडिलांची नावं असतील, कारण दगड परवडेपर्यंत वर्षं गेलेली असतात. म्हणून कार्यालयाला पत्र लिहून त्या जागेचं कार्ड मागा. जागा कोणी घेतली, कधी घेतली, आणि आत कोण कोण आहे, हे त्यावर तारखेनुसार असतं. जागा घेतल्याची तारीख सहसा हेन्रींच्या मृत्यूची नसते. ती पहिल्या मुलाच्या दफनाची असते.